मशीन चुकतंय व्हय, मॅडम?

"एका लॅबमध्ये माणसानं मोजलं तर बरं आलं, दुसरीकडं कॉम्प्युटरनं मोजलं तर कमी. खरं कुठलं?" निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठूनही जोडपं येवो, वीर्यतपासणीचे दोन रिपोर्ट टेबलावर ठेवून हाच प्रश्न येतो.

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणारे एक गृहस्थ (ओळखीचे तपशील बदलले आहेत) पहिल्या तीन भेटींत फक्त दुसऱ्या रिपोर्टबद्दल बोलले. एका मिलिलिटरमध्ये आधी २२ मिलियन शुक्राणू, मग १३. "माणूस चुकतोय. मशीन चुकतंय व्हय, मॅडम?" बायको शेजारी गप्प.

चौथ्या भेटीत मी आकडे बाजूला ठेवले आणि त्यांच्या कामाबद्दल विचारलं. लेथवर घडवलेला जॉब मायक्रोमीटरनं किती वेळा मोजता? "दोन-तीनदा. कचरा अडकला तर माप चुकतंय की." बोलता बोलता ते थांबले. बराच वेळ रिपोर्टकडे पाहत राहिले. मीही मध्ये बोलले नाही. अशा जोडप्यांशी बोलण्याच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर अशी शांतता मला ओळखता येते. माणसाचं उत्तर त्याच्याच हातातल्या कामात सापडतं, यावर माझा विश्वास आहे.

मग मी त्यांना सांगितलं: कॉम्प्युटरही कचऱ्याला शुक्राणू समजू शकतो, आणि दाटी झाली की एकमेकांना ओलांडणाऱ्यांचे मार्ग मिसळतात. वेग मोजण्यात मात्र तो सरस. डोळ्यानं मोजणाऱ्याची नजर थकते, हात बदलला की आकडा बदलतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत दोनदा, दर वेळी किमान २०० शुक्राणू मोजायला सांगते. २०० मोजले तरी निव्वळ योगायोगानं सात-एक टक्क्यांचा फरक पडतोच. त्यात यांचा पहिला नमुना आधीच्या वीर्यस्खलनानंतर चार दिवसांच्या अंतरानं दिलेला, दुसरा एकाच दिवसाच्या, तोही तापातून उठल्यावर. अंतर २ ते ७ दिवसांचं हवं. तापाचा परिणाम दोन-तीन महिने राहू शकतो, कारण शुक्राणू तयार व्हायलाच साधारण ७४ दिवस लागतात.

आणि त्याच संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीतला १६ मिलियन हा पास-नापासचा आकडा नव्हे. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ती कड. त्याखालच्यांनाही मुलं होतात. तीन महिन्यांनी पहिल्याच लॅबमध्ये, पहिल्यासारख्याच चार दिवसांच्या अंतरानं पुन्हा नमुना द्या, दोनदा मोजलं का ते विचारा, आणि सगळे रिपोर्ट डॉक्टरांपुढं ठेवा.

त्यांनी ते रिपोर्टच्या पाठीवर लिहून घेतलं. तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली, "तोवर आत्तींना काय सांगायचं?"

"तू नको सांगू. मी सांगतो, तपासणी माझी चाललीय म्हणून."