गोमुखाआधी नाथसागरावर हात बसव

गंगोत्रीला कॅमेरा घेऊन जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण सराव आधी इथंच कर. जिनिंग कारखान्याबाहेर भर उन्हात पडलेल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढून बघ. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर पांढऱ्याला राखाडी करतं, बर्फाचंही तेच होतं. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि रॉ फाइलच, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइलच ठेव.

शिखरं त्यामानाने सोपी. गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासा मुक्कामाहून संध्याकाळच्या उन्हात भागीरथी शिखरं उजळतात, तेव्हा ट्रायपॉड लावून तयार राहा.

खरं काम गंगोत्री हिमनदीचं; गोमुख हे तिचंच टोक. ती मागे हटतेय हे एका फोटोत दिसत नाही, कितीही देखणा असला तरी. गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीने १९२१ साली टिपलेली एव्हरेस्टजवळची रोंगबुक हिमनदी गिर्यारोहक-छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशियर्सने २००७ मध्ये त्याच जागेवरून पुन्हा टिपली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की बर्फ किती खचला ते कळतं. म्हणून जागेचं जीपीएस, लेन्सची फोकल लेंथ, तारीख, वेळ, सगळं वहीत लिही. हीच सवय पैठणला लाव: नाथसागर धरणाकाठी एकच दगड धर आणि उन्हाळाभर पाणी हटताना टिप.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर जा. हंगामी बर्फ वितळलेला असतो, मूळ हिम दिसतं. गोमुखाचं तोंड दगडमातीने झाकलेलं असतं, त्यामुळे तिरपं ऊन हवंच. प्रमाण कळायला चौकटीत माणूस घे, पण बर्फाच्या कड्याखाली कुणालाही उभं करू नकोस, तो कधीही कोसळतो. जादा बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात ठेव. आणि गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा परवाना आधीच काढ.