त्रिकटू कडू का लागत नाही?

प्रश्न : खोकल्यासाठी वैद्यांनी त्रिकटू चूर्ण दिलं. नावावरून कडूजहर असणार म्हणून मध घेऊन बसलो, तर जीभच भाजली! कटू म्हणजे कडू ना? नसेल, तर ‘कटू सत्य’ म्हणणं चूक का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुडी बरोबर आहे. मधही बरोबर, त्रिकटू मधातूनच चाटतात. सुंठ, मिरी आणि पिंपळी असे हे तिघे. यात कडू कुणीच नाही.

संस्कृतात कटू म्हणजे तिखट आणि कडू म्हणजे तिक्त. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय या सहा रसांत दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. पंचतिक्त घृतात, म्हणजे पाच कडू वनस्पतींच्या औषधी तुपात, कडुलिंब, कडू पडवळ, गुळवेल, अडुळसा, रिंगणी असतात. अडुळशाचं एक पान चावून बघा, तिक्त म्हणजे काय ते लगेच कळेल. पाडव्याच्या चटणीत कडुलिंबाचा पाला तिक्त, तर मिरे नि ओवा कटू.

गोंधळ झाला तो पुढे. ‘कटुक’चा प्राकृतात ‘कडुअ’ झाला, मराठीत ‘कडू’, आणि वाटेत त्याची चवच पालटली. ‘तिखट’ हा ‘तिक्त’चा मुलगा असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, तो ‘तीक्ष्ण’च्या घरचा, तिखट कानांचा माणूस म्हणतो ना आपण! मिरची इथे आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर. त्याआधी तिखटपणाचा मान मिऱ्याचा होता, मिरचीला नावही त्याच्यावरूनच मिळालं.

जुना अर्थ उत्तरेत मात्र टिकलाय. मोहरीच्या तेलाला तिकडे ‘कडवा तेल’ म्हणतात, संस्कृतात कटुतैल. आमच्या बिहारी शेजारणीने कैरीचं लोणचं दिलं आणि कौतुकाने सांगितलं, “कडवा तेल का है.” सासूबाई बरणी परत करायला निघाल्या होत्या! नाकात झणका गेल्यावर त्यांना पटलं. आता त्या मागून घेतात.

राहिलं ‘कटू सत्य’. ते चूक नाही. मराठीने ‘कटू’ला कडूचाच अर्थ दिलाय आणि कटुता, कटू अनुभव हे शब्द त्याच अर्थाने रुळलेत. ‘तिखट सत्य’ म्हणालात तर लोक पाव मागतील. फक्त वैद्यांकडे ‘चूर्ण फार कटू आहे’ अशी तक्रार करू नका. ते म्हणतील, मग माल अस्सल आहे.