बंद केलेला डेस्कटॉप आपोआप सुरू होतो

प्रश्न : रात्री अकराला शटडाउन करून झोपतो. सकाळी उठून पाहतो तर कॅबिनेटचा पंखा फिरत असतो आणि स्क्रीनवर पासवर्डची खिडकी उघडी. रोज होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा होते. मे महिन्यापासून जास्तच. दुरुस्तीवाला म्हणतो, व्हायरस आहे, विंडोज नव्याने टाकावी लागेल. टाकू का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. पूर्ण बंद असलेला संगणक व्हायरस सुरू करू शकत नाही, कारण त्या वेळी विंडोज चालूच नसते. त्या वेळी जागे असतात ते फक्त मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचे, काही भाग. एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या कॅबिनेटमधल्या डब्याला) वीज मिळत असेपर्यंत त्यांना ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच असतो. संगणक सुरू करण्याचा इशारा तिथूनच येतो.

तो येतो कधी, हे आधी शोधा. स्टार्टवर उजवी क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. कर्नल-बूट या स्रोताची २७ क्रमांकाची नोंद शोधा, तिच्यावरची वेळ म्हणजे संगणक सुरू झाल्याची वेळ. चार-पाच रात्रींच्या वेळा कागदावर उतरवा. त्याच रात्री लाईन गेली होती का, हेही लिहा. झोपेत कळत नसेल तर मायक्रोवेव्हचे घड्याळ पाहा. ते सकाळी १२:०० दाखवत लुकलुकत असेल तर लाईन जाऊन आली आहे.

तुमच्या पत्रातला ‘मे महिना’ आम्हाला त्याच दिशेला नेतो. नागपुरात मेमध्ये सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी एकदम चालतात, वळवाच्या वादळाने लाईन ये-जा करते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, एक सेटिंग असते : वीज जाऊन परत आल्यावर संगणकाने काय करायचे. असूसच्या बोर्डावर ते ‘रिस्टोर एसी पॉवर लॉस’, गिगाबाइटवर ‘एसी बॅक’, डेलमध्ये ‘एसी रिकव्हरी’, एचपीमध्ये ‘आफ्टर पॉवर लॉस’ या नावाने सापडेल. पर्याय साधारण तीन : बंद राहा, सुरू हो, किंवा आधी होता तसा हो. तुमच्याकडे बहुतेक ‘सुरू हो’ असेल.

खात्री करायला दोन मिनिटे लागतात. शटडाउन करा, भिंतीवरचे बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, बटण पुन्हा चालू करा. पॉवर बटणाला हात न लावता पंखा फिरला तर चोर सापडला. संगणक सुरू होताना असूस आणि गिगाबाइटवर डिलीट, डेलवर एफ-२, एचपीवर एफ-१० दाबत राहून बायोस उघडा, ‘बंद राहा’ निवडा, सेव्ह करून बाहेर पडा.

‘आमच्याकडे यूपीएस आहे, लाईन गेली तरी काय’ असे म्हणू नका. बॅटरी संपलेला यूपीएस लाईन क्षणभर डगमगली तरी पुरवठा तोडतो. दिवा नुसता मिणमिणतो, संगणकाला मात्र वीज जाऊन आलेली दिसते. आणि सेटिंग बदलूनही पुन्हा जुनेच दिसत असेल, सोबत घड्याळ मागे पडत असेल, तर बोर्डावरचा सीआर-२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. तो मेला की वीज तुटताच बायोसची सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात.

लाईन गेली नाही आणि वेळ रोज एकच, तर बायोसमध्ये ‘आरटीसी अलार्म’ किंवा ‘रिझ्यूम बाय अलार्म’ (ठरल्या वेळी संगणक सुरू करणारा गजर) चालू आहे का पाहा. वेळेला काहीच धरबंध नसेल तर लॅनची (नेटवर्कची) केबल रात्री काढून ठेवा. त्याने थांबले तर ‘वेक ऑन लॅन’ (नेटवर्कच्या इशाऱ्याने संगणक सुरू करणारी सोय) बंद करा.

एवढे करूनही होत असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पॉवर बटण तपासा. कूलरची ओल आणि धूळ मिळून बटणाच्या फटीत चिकट थर बसतो, स्प्रिंग नीट वर येत नाही. बटण सतत दाबलेले राहिले तर संगणक सुरू होऊन साधारण चार सेकंदांत पुन्हा बंद पडतो, ही त्याची ठळक खूण. पण अधूनमधून टेकत असेल तर तो नुसता सुरू होतो. भिंतीवरचे बटण बंद करा, कॅबिनेटचे झाकण काढा, मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेली दोन तारांची टोपी उपसा. तिच्या जागी ‘रीसेट एसडब्ल्यू’ची टोपी बसवा. दोन्ही बटणे एकाच जातीची असतात, त्यामुळे आता रीसेटच्या बटणाने संगणक सुरू होईल. तीन-चार रात्री शांत गेल्या तर दोष जुन्या बटणाचाच.

राहिला एसएमपीएस. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सळई २४ पिनांच्या जोडाच्या कोणत्याही काळ्या तारेवर, लाल सळई जांभळ्या तारेवर. भिंतीवरचे बटण चालू ठेवले की संगणक बंद असतानाही ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. (नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच तारा काळ्या असतात, मग ९ क्रमांकाची पिन मोजून घ्या.) कमी किंवा हलता आकडा दिसला तर एसएमपीएस बदला, उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

प्रश्न : मी शटडाउन नाही, स्लीप करते. मध्यरात्री स्क्रीन उजळते.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : स्लीपची गोष्ट वेगळी, इथे विंडोज स्वतः जागी होऊ शकते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’ लिहून जागा सोडून तिरकी रेघ (/) व ‘लास्टवेक’ टाइप करा (सगळे इंग्रजी अक्षरांत). शेवटचे कोणी उठवले ते दिसेल. माउस निघाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंटवर जाऊन संगणक उठवण्याची परवानगी काढून घ्या. कीबोर्डची राहू द्या, नाहीतर सकाळी पॉवर बटण दाबावे लागेल. टायमर निघाला तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली ‘वेक टायमर्स’ बंद करा.

प्रश्न : आमचे उलटे आहे. दुकानातला कॅमेऱ्यांचा संगणक लाईन आल्यावर आपोआप सुरू व्हायला हवा, होत नाही.
— एक दुकानदार, सीताबर्डी

उत्तर : वरचेच सेटिंग ‘सुरू हो’वर ठेवा. ‘आधी होता तसा हो’ तुमच्या कामाचे नाही, कारण यूपीएसच्या सॉफ्टवेअरने संगणक नीट शटडाउन केला असेल तर बोर्डाच्या लेखी तो आधी बंदच होता. आणि बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाचा वीजबचतीचा पर्याय चालू असेल तर तो बंद करून पाहा. काही बोर्डांवर तो चालू असताना हे सेटिंग चालत नाही.