विसर्जनापर्यंत थांबू का?

प्रश्न : आमचं पुण्यातलं ढोल-ताशा पथक. 110 वादक, त्यात 40 मुली. गेल्या वर्षी आचारसंहिता लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आता दोन मुली सांगतायत की आमचा मुख्य ताशावादक रात्री नको ते मेसेज पाठवतो आणि उत्तर दिलं नाही तर सरावात सगळ्यांसमोर टोमणे मारतो. तो माझा शाळेपासूनचा मित्र. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. विसर्जनानंतर विषय काढला तर चालेल का?
— एक पथकप्रमुख

उत्तर : नाही चालणार.

मी 11 वर्षं ढोल वाजवलाय, तुमची अडचण कळते. ढोलवाले ढिगाने मिळतात, लय धरून ठेवणारा ताशा नाही मिळत. आमच्या पथकातही असाच एक होता. नियमावलीत आम्ही कुर्त्याच्या इस्त्रीपर्यंत सगळं लिहिलं होतं, हे सोडून. एकीने तक्रार केली, आम्ही म्हणालो, 'चतुर्दशी होऊ दे.' चौथ्या दिवशी तिने टिपरू आणि कमरेचा पट्टा माझ्या हातात दिला आणि गेली. मागोमाग आणखी तिघी. तो मात्र पुढची चार वर्षं मजेत वाजवत होता.

तुमच्या संहितेत तक्रार 'पथकप्रमुखाकडे' करायची, असंच असणार. म्हणजे त्याच्या मित्राकडे! तुम्ही यातून बाजूला व्हा. तक्रार ऐकायला तिघांची समिती बसवा : त्यात दोन बायका, त्यातली एक पथकाबाहेरची. निर्णय होईपर्यंत त्याने सरावाला यायचं नाही; ही शिक्षा नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगा, त्याचीही बाजू लिहून घ्या. मेसेज मुलींनी जपून ठेवावेत, ग्रुपवर फिरवू नयेत. 'दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू' म्हणणारे एखादे काका निघतीलच. त्यांना चहा पाजून घरी पाठवा.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या 2013 च्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत स्वेच्छेने, बिनपगारी काम करणारेही येतात. तुमच्या पथकाला तो कसा लागू होतो ते वकिलाला विचारा. त्या दोघींपैकी कुणी 18 वर्षांखालची असेल तर प्रकरण आतल्या आत ठेवूच नका : लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

राहिला ताशा. दुसऱ्या फळीतल्या पोरांना आज संध्याकाळपासूनच पुढे उभं करा. अवघड ठेके यंदा गाळा.