लाखोळी सगळ्यांनी खाल्ली, मग पाय एकाचेच का गेले?

भंडारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी यंदा बारावी झाली. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय तिने घेतले होते. नीटमध्ये सरकारी महाविद्यालयापुरते गुण पडले नाहीत. नातेवाइकांचा आग्रह आहे की वर्षभर थांबून तिने पुन्हा परीक्षा द्यावी. मुलगी म्हणते, ‘‘मला दवाखाना टाकायचा नाही. मेंदूचे, हाडांचे आजार मुळात होतात कशामुळे, ते शोधायचं आहे.’’ गावात एक वृद्ध गृहस्थ दोन काठ्यांवर चालतात. लाखोळीच्या डाळीनं (हिंदीत खेसारी) त्यांचे पाय गेले असं सगळे सांगतात. मुलीचा प्रश्न एवढाच, की लाखोळी तर त्या काळी घरोघर शिजायची, मग पाय त्यांचेच का गेले? वडिलांनी विचारलं आहे, की डॉक्टर न होता हे काम करता येतं का, आणि त्यात पोट भरतं का?

नमस्कार सर,

तुमच्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आजही कुणाकडे नाही. म्हणून नीटचे गुण थोडे बाजूला ठेवून आधी त्या प्रश्नाबद्दल लिहितो. तिने काय शिकावं हे मला त्यातूनच सांगता येईल.

लाखोळीत ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं. 1964 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा आणि सर्मा या जीवरसायनशास्त्रज्ञांनी ते बियांतून वेगळं काढलं आणि त्याची रचना सांगितली. आपल्या चेतापेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट वापरतात. ओडॅपची रचना त्याच्याशी मिळतीजुळती असल्याने पेशी फसते, गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होते आणि शेवटी मरते. मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या पेशींना याचा फटका बसतो. पाय ताठ होतात, चालताना एकमेकांत अडकतात, आणि गेलेली ताकद परत येत नाही.

मात्र अधूनमधून खाल्लेल्या लाखोळीने असं होत नाही. दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा भाग तीच असेल, म्हणजे दुष्काळात किंवा मजुरी म्हणून दुसरं धान्यच मिळत नसेल, तेव्हा धोका वाढतो. मध्य प्रदेशात रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरीत हीच डाळ मिळे आणि तिथे हा आजार गावोगाव होता. 1942 साली रोमानियाच्या ताब्यातल्या व्हापनियार्का छावणीत ज्यू कैद्यांना लाखोळीच खायला दिली गेली आणि शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. कैद्यांमध्येच असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी आजार ओळखला आणि तो अन्नातून येतोय हे ठामपणे मांडलं. ना प्रयोगशाळा, ना उपकरणं. कोण काय खातं आणि किती दिवसांनी कुणाचे पाय ताठ होतात, याचं नीट निरीक्षण त्यांच्यापाशी होतं. आजाराचं कारण शोधण्याचं काम बरेचदा असंच सुरू होतं.

तरीही एकाच पंगतीत जेवलेल्यांपैकी काहींनाच हा आजार होतो, आणि त्यांत तरुण पुरुष जास्त असतात. कष्टाचं काम, आहारात इतर कशाची उणीव, शरीराची जनुकीय घडण, अशा अनेक गोष्टींवर संशय आहे. शेवटचं उत्तर बाकी आहे. तुमची मुलगी नेमकी तिथे येऊन उभी आहे.

तिने मेंदू आणि हाडं अशी दोन्ही नावं घेतली म्हणून याच झाडाची दुसरी बाजूही सांगतो, कारण मला ती फार मोलाची वाटते. लाखोळीच्याच कुळातल्या, बागेत फुलांसाठी लावतात त्या स्वीट पीच्या बिया प्रयोगात उंदरांना खाऊ घातल्या, तर वेगळंच होतं. त्यांची हाडं वाकतात आणि हृदयातून निघणारी मोठी रोहिणी कमकुवत होऊन फुगते. या बियांतलं रसायन लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवतं. हाडं, कातडी, रक्तवाहिन्या यांना ताकद देणाऱ्या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांशी आडवे बांधून घेण्याचं काम हा विकर करतो. बांधणी सुटली की ऊती लेचीपेची होते. म्हणजे एकाच कुळातल्या दोन वनस्पतींपैकी एक चेतापेशींवर घाला घालते, तर दुसरी हाडांवर आणि शरीराला बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतींवर. हे कोडं फक्त डॉक्टरांनी किंवा फक्त रसायनशास्त्रज्ञांनी सोडवलं असतं, तर अर्धंच सुटलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. डॉक्टर न होता हे काम करता येतं का? येतं, आणि आज जगभर या क्षेत्रात एमबीबीएस नसलेली असंख्य माणसं काम करतात. पण डॉक्टर होऊन जे करता येतं तेही वेगळं आणि महत्त्वाचं आहे. रुग्णाचे पाय तपासणं, आजार कोणता ते ठरवणं, मृत्यूनंतर ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं ही वैद्यकातली कामं आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत 1995 पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. कुटुंबीयांच्या संमतीने दान केलेले मेंदू तिथे जपले जातात आणि देशातले संशोधक त्यांच्या ऊतींवर काम करतात. अशा ठिकाणी पॅथॉलॉजीचा डॉक्टर, रेणूजीवशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्र जाणणारा माणूस, तिघंही लागतात.

म्हणून तिला एकच विचारा. रोज रुग्णासमोर बसावं असं तिला मनापासून वाटतं का? वाटत असेल तर एक वर्ष पुन्हा नीटला देणं योग्य आहे. पुढे एमडी करून संशोधनात येता येतं, थेट पीएच.डी.लाही जाता येतं. वाटत नसेल, तर केवळ नातेवाइकांना समाधान वाटावं म्हणून तिचं वर्ष घालवू नका. तिच्या शब्दांवरून मला ती दुसऱ्या बाजूची वाटते. अर्थात तिला ओळखता तुम्ही, त्यामुळे निर्णय तुमच्या घरातच व्हावा.

दुसऱ्या वाटेची सोय अशी. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, त्यातली एक पुण्यात आहे. त्यांच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएस पदवीला आयएटी या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. त्या परीक्षेत जीव, रसायन, भौतिक आणि गणित चारही विषयांचे प्रश्न समप्रमाणात असतात. गणित ठेवल्याचा तिला इथे थेट फायदा आहे. भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा असते. यंदाची संधी गेली असेल तर नागपुरात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी आयएटी द्यावी. कोणत्या साली बारावी झालेल्यांना बसता येतं, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासा. नाहीच जमलं तर बी.एस्सी. पूर्ण करून जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या संस्थेत एम.एस्सी. करता येते. ही वाट कमी दर्जाची नाही. मात्र बी.एस्सी.च्या सुट्ट्यांत तिने विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करत राहावा. जिल्ह्याच्या महाविद्यालयातून मोठ्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला याहून सरळ दार मला माहीत नाही.

आता थोडं तिच्याशीच. संख्याशास्त्र सोडू नकोस. जीवशास्त्रात येणारी बरीच मुलं गणिताला कंटाळून येतात आणि पाच वर्षांनी तिथेच अडतात. ‘त्यांचेच का’ या प्रश्नाचं उत्तर शेकडो माणसांची तुलना केल्याशिवाय मिळत नाही. आणि प्रयोगशाळेइतकंच गावात फिरायला शीक. साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कुणाला आणि कुठे होतो याचा अभ्यास, हाही याच कामाचा भाग आहे. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था यांच्या कामाची माहिती काढून वाच. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या पाण्यातलं फ्लोराइडही वाचनात येऊ दे. त्यात हाडं आणि अस्थिबंध (लिगामेंट) कडक होत जातात आणि वाढलेलं हाड मज्जारज्जूला दाबून पाय अधू करू शकतं. मेंदू, ऊती आणि हाडं हे तीन वेगळे विषय नाहीत, हे तुला तिथे घराजवळच दिसेल. शिवाय लाखोळीचं उत्तर वैद्यकातूनच आलं असंही नाही. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने कमी ओडॅपचे ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ हे वाण दिले आहेत.

सर, पैशाचं स्पष्ट लिहितो. पीएच.डी.ला नेट परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालं तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं, पुढे 42,000 होतात. म्हणजे त्या वयात ती घरावर भार राहणार नाही, उलट थोडे पैसे पाठवूही शकेल. पण बीएस-एमएसची पाच आणि पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं धरली तर तिशी जवळ येते, आणि कायमस्वरूपी शास्त्रज्ञाची पदं कमी, उमेदवार जास्त. काही जण आयसीएमआरच्या संस्थांत जातात, काही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवतात, काही जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळांत किंवा औषध कंपन्यांत. परदेशात काही वर्षं काढावी लागण्याची तयारी ठेवा. एमबीबीएस आणि एमडीलाही साडेआठ वर्षं लागतातच, हे नातेवाइकांना सांगा. लग्नाचा प्रश्न तुम्ही पत्रात अर्ध्यावर सोडला आहे. पीएच.डी. करत असताना लग्न करून काम चालू ठेवणाऱ्या अनेक जणी आहेत. तेव्हा त्यासाठी आत्ताच दार बंद करू नका.

बोर्डात ती पहिल्या एक टक्क्यात असेल तर बी.एस्सी. किंवा बीएस-एमएसला प्रवेश घेताच केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, ती वर्षाला 80,000 रुपयांची असते, त्यातले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. त्यासाठी बोर्डाचं पात्रतापत्र लागतं. ते महाविद्यालयात आत्ताच विचारून ठेवा, कारण मुदत निघून गेल्यावर कुणी ऐकत नाही.