सही बाईची, खुर्ची नवऱ्याची

प्रश्न : ताई, आमच्या गावात सरपंच बाई आहे, पण मीटिंगला तिचा नवराच बसतो. मग बायकांना निवडून देऊन उपयोग काय? (एक भगिनी, कागल तालुका)

उत्तर : वहिनी, पहिले सहा महिने मीपण तसलीच सरपंच होते. आमचे हे खुर्चीत, मी दाराजवळ, सही दाखवतील तिथं. उन्हाळ्यात नळाला पाणी सोडायची वेळ ठरली दुपारी बारा. त्या वेळी बाया उसात भांगलायला! ठरवणाऱ्यांतल्या एकानंही कधी घागर उचलली नव्हती. तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं आणि पाणी सकाळी सहाला यायला लागलं. घरात आठवडाभर अबोला, तो वेगळा.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. एकटी दबते, चौघी असल्या की ग्रामसेवकही नीट ऐकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा ठराव करून बंद केली.

तुम्ही पुढच्या ग्रामसभेला जा. प्रश्न नवऱ्याला नाही, सरपंचबाईंनाच विचारा. आणि हो, त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती झाली का, तेही विचारा.