तेच शब्द दुसऱ्यांदा गाताना

तुम्ही लातूरला रागसंगीत शिकता शिकता जॅझकडे वळला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की पहिल्या वेळी मूळ चाल जवळजवळ आहे तशीच गा, कारण ती ऐकणाऱ्याच्या कानात बसलेली नसेल तर पुढचा बदल त्याला जाणवणारच नाही. दुसऱ्या वेळी सूर तेच ठेवून फक्त शब्दांची जागा हलवा. अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडे ओळीचा पहिला शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवत आणि पुढचे शब्द जवळ ओढून ओळ सावरून घेत. साथीची लय मात्र जागची हलत नसे. नाथषष्ठीला पैठणमध्ये एकच चरण घोळवणारे वारकरी तुम्ही ऐकले असतील, तर हे परके वाटणार नाही.

सुरांचा बदल त्यानंतरचा, आणि आपल्याकडचे गायक अडखळतात ते नेमके इथेच. तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो. जॅझमध्ये मात्र गाण्याखाली साथीत वाजणारी कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे काही सूर, सतत बदलत राहते, त्यामुळे आत्ता शोभलेला सूर पुढच्याच क्षणी खटकू शकतो. म्हणून 32 बारच्या (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) गाण्यातल्या सगळ्या कॉर्ड हार्मोनियमवर धरून, शब्दांशिवाय, रोज गुणगुणा. आणि ज्या शब्दावर ओळीचा अर्थ तोललेला आहे, त्याला कधीही तानेत हरवू देऊ नका.